जुनी सायकल : दुरुस्त करावी की नवी घ्यावी?



जून महिना आला की गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या बदलतात. बियाणे, खत, वह्या-पुस्तके, आणि त्यांच्या जोडीला सायकल. गावातली शाळा सातवीला संपते. हायस्कूल चार-पाच किलोमीटरवर. एसटी येते, पण शाळेच्या वेळेला येईलच असे नाही. मग पोरीला सायकल हवी. आणि गंमत अशी की बऱ्याच घरांत एक सायकल असतेच. गोठ्यात, वैरणीच्या आडोशाला, टायर चपटे झालेले, चेन गंजलेली, सीटवर कोंबडी बसलेली. तिचे काय करायचे? हजार-दोन हजार घालून ती उभी करायची, की पाच-सहा हजारांचे कर्ज काढून नवी आणायची?

आम्ही समन्वयक बायका हा प्रश्न हिशेबाच्या वहीत सोडवायला बसलो. बेरीज-वजाबाकी झाली, पण वाद मिटेना. कारण गोठ्यातली ती सायकल कुणासाठी आली होती, कुणाच्या पैशाने आली होती आणि इतकी वर्षे टिकली कशी, हे सगळे मधे मधे येत होते. तेव्हा आज आपण तिचा इतिहासच बघू.

सुरुवात लांबची आहे, ती झटकन सांगतो. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस नावाच्या माणसाने दोन चाकांची लाकडी गाडी केली. तिला पायडल नव्हते. माणूस वर बसून पायाने जमीन ढकलत जायचा. पुढे पायडल आले, मग पुढचे चाक माणसाएवढे आणि मागचे इवलेसे अशा उंच सायकली आल्या. त्यांवरून पडले की डोकेच फुटायचे. १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावात जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी, मधे पायडल आणि मागच्या चाकाला चेन, अशी ‘रोव्हर’ सायकल काढली. १८८८ साली जॉन बॉईड डनलॉप याने हवा भरलेला टायर आणला. झाले. आपल्या गोठ्यातली सायकल नीट बघा. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी साचा तोच आहे.

आपल्याकडे सायकल आली ती बोटीने, साहेबासाठी. पण एक दुकान आपल्या भागाच्या फार जवळचे आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबू. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. मुंबईत सायकली विकत घ्यायच्या आणि बेळगावात भाऊ रामुअण्णांकडे विकायला पाठवायच्या, असा उद्योग त्यांनी सुरू केला. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो, आणि ती सुरुवात सायकलच्या दुकानाची आहे. सायकल विकायची, बिघडली की दुरुस्त करायची आणि घेणाऱ्याला चालवायला शिकवायची, ही तिन्ही कामे एकाच दुकानात. शिकवावी तर लागणारच, कारण कुणी कधी बघितलीच नव्हती! पुढे हेच लोक लोखंडी नांगराकडे वळले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच घराने १९३० साली ‘स्त्री’ मासिक काढले. तुमच्या हातात आज बायकांचे मासिक आहे. त्या परंपरेतले एक मोठे नाव सायकलच्या दुकानातून निघालेल्या घराचे आहे, हे आम्हाला कळले तेव्हा आमच्या बैठकीत चांगलीच चर्चा रंगली.

तेव्हाच्या सायकली विलायती. रॅले नॉटिंगहॅमची, हर्क्युलिस आणि बीएसए बर्मिंगहॅमच्या. बीएसए ही मुळात बंदुका करणारी कंपनी. तिच्या चिन्हावर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या होत्या. अशी सायकल गावात आली की ती मास्तरांची, डॉक्टरांची, पोस्टमनची किंवा सावकाराच्या मुलाची असायची. शहरात तिच्यावर नगरपालिकेचा कर होता, पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवायचा. डबलसीट दिसली तरी अडवायचा.

आणि बायका? पुण्यात स्वातंत्र्याच्या आधीच काही मुली सायकलवरून शाळा-कॉलेजात जाऊ लागल्या होत्या. खेड्यात मात्र बाईला सायकलची ओळख झाली ती कॅरिअरवर बसून. लेडीज सायकलची मधली दांडी खाली वाकवलेली असते, ती मडमांचे घोळदार झगे अडकू नयेत म्हणून. आपल्या आज्या तर नऊवारीचा काष्टा घालून घोड्यावर बसाव्यात अशा तयार होत्या! त्यांना दांडीची काही अडचण नव्हती. नुसते लुगडे बघितले तर पहिली सायकल त्यांनाच जमली असती. पण सायकल हातात द्यायची म्हणजे ‘कुठे चाललीस’ आणि ‘केव्हा येणार’ हे विचारण्याचा हक्क सैल करायचा. ते कुणी केले नाही.

आता गोठ्यातल्या सायकलकडे येऊ. ती विलायती नसते, देशी असते. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले की सायकली इथेच बनवायच्या. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल, बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला १९५१ साली अ‍ॅटलस, लुधियानात एव्हॉन आणि १९५६ साली हिरो. हिरो काढणारे मुंजाल बंधू फाळणीत आता पाकिस्तानात असलेल्या कमालिया गावाकडून आलेले. आधी ते सायकलचे सुटे भाग विकायचे, मग काही भाग करू लागले, आणि मग अख्खी सायकल. पहिल्या वर्षी त्यांनी ६३९ सायकली केल्या. तीच कंपनी ३० वर्षांनी, १९८६ साली, जगात सर्वांत जास्त सायकली करणारी म्हणून गिनीज बुकात गेली. देशात १९५०-५१ साली वर्षाला साधारण एक लाख सायकली तयार होत होत्या. दहा वर्षांत तो आकडा दहा लाखांच्या वर गेला. सरकारी नोकराला सायकल घ्यायला पगारातून फेडायचे अग्रिम मिळायचे. शेतमजुराला कोण देणार? बाईला तर नाहीच. ज्याला महिन्याचा पगार, त्यालाच उधारी. हे तेव्हाचे गणित आपल्याला आजही ओळखीचे आहे.

लुधियानाची एक गोष्ट आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. तिथे एक कारखाना सगळे करत नव्हता. कुणी छोट्या पत्र्याच्या शेडमध्ये पायडल करायचा, कुणी मडगार्ड, कुणी चेनकव्हर, कुणी तारा. मोठी कंपनी ते घेऊन जोडायची. म्हणजे एकाचे पायडल दुसऱ्याच्या सायकलला बसलेच पाहिजे. भारतीय मानक संस्था १९४७ साली सुरू झाली. तिने फ्रेम, रिम, तारा, चिमटा अशा एकेका भागाची मापे ठरवून दिली. त्यामुळे काळ्या सायकलीचे टायर २८ बाय दीड, मग कंपनी कुठलीही असो. मागच्या चाकाला ४० तारा, पुढच्याला ३२. एकीची चेन दुसरीला चालते. कोन, छर्रे, अ‍ॅक्सल, कॉटर पिन, ब्रेकची रबरे, सगळे बाजारच्या गावी मिळते. आजही मिळते.

आमच्या भागातल्या एका सायकल मिस्त्रीकाकांनी हे आम्हाला सायकल उलटी करून दाखवले. चाळीस वर्षे ते हेच काम करतात. ते म्हणाले, “ताई, हिच्यात झिजायचा भाग स्वस्त ठेवलाय, आन् महाग भाग झिजू नये अशी सोय केलीय.” मग एकेक उघडून दाखवले. पायडलचा दांडा आणि मधला अ‍ॅक्सल यांच्यामध्ये कॉटर नावाची छोटी पिन असते. जोर बसला की ती झिजते, ती काही रुपयांची. दांडा शाबूत. चाकात कोन आणि छर्रे झिजतात, हब वाचतो. ब्रेक लावला की रबर झिजते, रिम वाचते. चौकट पोलादी नळ्यांची. वाकली तर सरळ करता येते आणि सांधा सुटला तर वेल्डिंगवाला जोडून देतो. ब्रेकलासुद्धा वायर नाही, लोखंडी सळया. नुसत्या सायकलचेच वजन वीस किलोच्या आसपास भरते, म्हणून चढाला दम काढते हे खरे. पण दुधाचे कॅन, गव्हाचे पोते, मागे बायको आणि पुढे दांडीवर पोरगं, हे सगळे तिने वाहिले ते त्या वजनाच्या जोरावर.

मात्र याला एक अट आहे, आणि ती काकांनी दोनदा सांगितली. स्वस्त भाग वेळेवर बदलला तरच महाग भाग वाचतो. चेन ताणली गेली आणि तशीच चालवली, तर ती फ्रीव्हीलचे दात खाते, मग पुढच्या मोठ्या चक्राचे खाते. कोन ढिला राहिला तर हबच्या आतली वाटी खराब होते. चाकाची आउट काढली नाही तर एक तार तुटते, मग तिच्या शेजारची. बघता बघता शंभर रुपयांचे काम हजारावर जाते. म्हणजे ‘दुरुस्त करू की नवी घेऊ’ हा प्रश्न सायकल मोडते त्या दिवशी पडत नाही. ती आधीची दोन-चार वर्षे कुणी बघितलीच नाही, म्हणून पडतो.

आणि कुणी बघितली नाही, याचे कारण घराघरात एकच सापडते. सायकलवर घरचा पुरुष कामाला जात होता तोवर ती कधी मोडकी राहिली नाही. सकाळी पंक्चर झाली की दुपारी निघालेले. घमेल्यात पाणी, ट्यूबचे बुडबुडे, घासून सोल्युशन, ठिगळ, आणि माणूस कामावर. दिवाळीला ओव्हरऑइल व्हायचे म्हणजे व्हायचेच. मजुरी बुडणार म्हटल्यावर दुरुस्तीचे पैसे कुठूनही निघायचे. मग मोटारसायकल आली. सायकल गोठ्यात गेली. तेव्हापासून ती ‘घरातली’ झाली, म्हणजे कुणाचीच नाही. आणि आता तिचे टायर फुटके, चेन गंजलेली असताना आपण म्हणतो, पोरीला ती चालेल.

सायकल आणि बाई यांच्यातला आणखी एक धागा आहे. साठ-सत्तरच्या दशकात लग्नाच्या याद्या व्हायच्या तेव्हा नवऱ्या मुलाला काय द्यायचे यात तीन वस्तू हमखास असायच्या : सायकल, घड्याळ, रेडिओ. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, पण याद्या थांबल्या नव्हत्या. मुलीच्या बापाने शेळ्या विकून, उचल घेऊन सायकल आणायची. मांडवात हार घालून उभी करायची. त्यावर जावई बसणार. जिच्यामुळे ती आली ती मुलगी जन्मभर तिच्यामागे कॅरिअरवर बसणार, नाहीतर चालत जाणार. आमच्या गटातल्या साठी-सत्तरीच्या बायकांना आम्ही विचारले, “आजी, तुमच्या लग्नात सायकल होती का?” पुष्कळ हात वर आले. “चालवलीत का कधी?” यावर नुसते हसू.

बायकांनी सायकल हातात घेतली त्याची सगळ्यात मोठी गोष्ट तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यातली आहे. १९९१-९२ मध्ये तिथे ‘अरिवोळी इयक्कम’ नावाची साक्षरता चळवळ चालू होती. शीला राणी चुंकत तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. अक्षरांबरोबर बायकांना सायकलही शिकवायची असे ठरले. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, बालवाडीच्या, आरोग्य खात्यातल्या नर्सबाई, सगळ्या शिकल्या. १९९२ च्या महिला दिनाला दीड हजाराहून जास्त बायका घंटी वाजवत पुदुक्कोट्टई शहरात शिरल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी यावर लिहिले आहे. त्यांच्या लिहिण्यानुसार जिल्ह्यात एक लाखाहून जास्त ग्रामीण बायका सायकल शिकल्या. पण आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. लेडीज सायकली बाजारात पुरेनात, तेव्हा बायकांनी सरळ जेंट्स सायकली घेतल्या. आणि काहींनी तर मुद्दाम जेंट्सच घेतली, कारण पुढच्या दांडीवर पोराला बसवता येते! मडमांच्या झग्यासाठी वाकवलेल्या दांडीचे काय कौतुक मग?

योगायोग असा की १९९२ हेच नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याची सुरुवात केली ते वर्ष. आपल्याकडे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून होतेच. पगार नसलेल्या बाईला तिच्या नावावर चार पैसे मिळण्याची वाट तिथून मोकळी होत गेली. सायकलचे अग्रिम ज्या आजीला कुणी दिले नव्हते, तिची सून आज बैठकीत बसून सायकलचे कर्ज मागते.

बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलसाठी २००० रुपये द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अभ्यासकांनी त्याचा परिणाम मोजला. हायस्कुलात नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढले, आणि जास्त फरक पडला तो हायस्कूल तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. मुलीचे घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असावे लागते. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभागही मुलींना सायकली देतो. तुमचा तालुका यादीत आहे का, हे शाळेत मुख्याध्यापकांना विचारा, पंचायत समितीत विचारा. अर्ज जरूर करा. फक्त शाळा जूनमध्ये सुरू होते आणि यादी लागायची तेव्हा लागते, एवढे लक्षात ठेवा.

बाजारात नवी म्हणून जी स्वस्त सायकल मिळते, तिच्याबद्दलही बोलायला हवे. जाड टायर, पुढे स्प्रिंग, रंगीत पट्टे. पोरांना ती हवी असते आणि दिसायला छानच असते. पण पाच-सहा हजारांत स्प्रिंग, रंग आणि जाड टायर बसवायचे म्हणजे पैसे कुठेतरी वाचवलेले असतात. प्लास्टिकचे पायडल, पातळ पत्र्याचे ब्रेक, वायरी. स्प्रिंग गेली तर ती उघडून दुरुस्त करणारा खेड्यात मिळत नाही, अख्खा चिमटाच बदलावा लागतो. टायरची मापे वेगवेगळी. तालुक्याला मिळाले तर मिळाले. आमचा नव्या सायकलीला विरोध नाही. नवी घ्यायची तर साधी घ्या, स्प्रिंग नसलेली, आणि जिचे टायर-ट्यूब आपल्या आठवडी बाजारात मिळते अशी घ्या. जुन्या काळ्या सायकलीचे दिवस सरत चालले आहेत हेही खरे आहे. अ‍ॅटलसचा दिल्लीजवळच्या साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला बंद झाला. तो जागतिक सायकल दिन होता. पण रस्त्यावर आणि गोठ्यांत इतक्या सायकली आहेत की त्यांचे सुटे भाग अजून बरीच वर्षे मिळतील, असे मिस्त्रीकाका म्हणतात.

आता यंदाच्या जूनमधली गोष्ट. एका गटात एका ताईंनी मुलीसाठी ६२०० रुपयांची सायकल घ्यायला कर्ज मागितले. मुलगी आठवीत. घरी सासऱ्यांची काळी सायकल, २२ इंची. दुसऱ्या ताई म्हणाल्या, “घरात असताना नवी कशाला? दुरुस्त करा.” तिसऱ्या म्हणाल्या, “मागच्या साली त्यांच्या पोराला नवीच आणली, तेव्हा कुणी जुनी दाखवली नाही. पोरीच्या वेळेलाच बरी गोठ्यातली आठवते?” बैठक शांत झाली. दोघींचे म्हणणे खरे होते. आम्ही सुचवले की आधी मिस्त्रीला दाखवू, मुलीलाही घेऊन जाऊ, आणि मग ठराव लिहू.

मिस्त्रीने काय बघितले ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही घरी बघता येईल. आधी चौकट : हँडलखालचे सांधे आणि पायडलजवळचा सांधा घासून, रंगाखाली चीर आहे का, गंजाने भोक पडले आहे का. मग पुढचा चिमटा समोरून आणि बाजूने, वाकलाय का. मग चाक उचलून फिरवले. रिम एका जागी दबली असेल तर आउट निघत नाही. या तीन वस्तू धड असतील तर बाकीचे सगळे बदलता येते. या तिन्हींमध्ये दोन गेलेल्या असतील तर पैसे घालू नका. चौकट गंजून भोके पडलेली असेल तर एकटीच पुरे, सायकल भंगारात द्या.

त्या सायकलीची चौकट चांगली निघाली, रिमा चांगल्या, चिमटा मात्र वाकलेला. हिशेब असा झाला : दोन टायर ६००, दोन ट्यूब २६०, चेन १५०, फ्रीव्हील १२०, ब्रेकची रबरे ६०, पुढचा अ‍ॅक्सल-कोन-छर्रे ९०, पायडल जोडी १२०. हे १४०० रुपये. मजुरी ४५०. वर चिमट्याचे पैसे वेगळे. मग काकांनी मुलीला सीटवर बसवले. सीट पार खाली केली तरी तिचे पाय जमिनीला टेकेनात. पायडल खाली गेले की ती एका बाजूला कलायची. अशी सायकल नवी कोरी असती तरी तिच्या उपयोगाची नव्हती. आपण लहानपणी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचो, ते गल्लीत ठीक होते. हमरस्त्याला ट्रक असताना नाही.

काकांच्या दुकानामागे दुसऱ्या कंपनीची २० इंची चौकट पडून होती, तिच्या चिमट्यासकट. चाके तीच २८ ची. जुनीची चाके, हँडल, कॅरिअर, घंटी काढून तिच्यावर बसवायचे असे ठरले. एका कंपनीची चौकट, दुसरीची चाके, तिसरीची चेन. लुधियानाच्या शेडवाल्यांनी पाडलेली सवय इथे कामाला आली. चौकट आणि चिमटा मिळून ५५० रुपये. जुनी चौकट भंगारात दिली तर १५०. एवढ्यात त्या घरातल्या आजी, म्हणजे ताईंच्या सासूबाई, आल्या. त्या म्हणाल्या, “चौकट द्यायची न्हाय. ती माझ्या बापानं दिलीया. दोन शेरडं इकून.” ताईंनी सांगून बघितले की आत्याबाई, दीडशे रुपये वाचतात. आजी काही बोलल्या नाहीत, नुसता चौकटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग कुणी दीडशेचा विषय काढला नाही.

एकूण २४०० रुपये. गटाने तेवढे कर्ज शेकडा एक रुपया व्याजाने दिले, सहा हप्ते, महिना ४०० आणि व्याज. ठरावात एक ओळ वाढवली : सायकल मुलीच्या नावाची, आणि तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कामाला न्यायची नाही. ती ओळ ‘पोराला नवीच आणली’ म्हणणाऱ्या ताईंनी लिहायला लावली. त्यांचे समाधान मात्र पुरते झाले नाही. पुढच्या वर्षी तुलना निघणारच, असे त्या सांगून गेल्या.

गटाच्या पैशातून एक हातपंप, एक पाना, ठिगळे आणि सोल्युशनची डबी घेतली आहे. ते अंगणवाडीत ठेवले आहे. पंक्चर काढायला शिकवायला मिस्त्रीकाका रविवारी येणार आहेत, दुपारी तीन वाजता. मुलींनी येताना घमेले आणि एक जुनी ट्यूब आणायची आहे. जुनी चौकट सध्या वैरणीच्या माळ्यावर आहे.